मचूळ पाण्याचा उन्हाळा

मराठीत 'मचूळ' हा शब्द बहुतेक वेळा तक्रार म्हणूनच येतो. नव्या विहिरीला मचूळ पाणी लागलं की घरातलं माणूस कपाळाला हात लावतं. डाळ शिजत नाही, चहाला चव येत नाही. धड गोडं नाही, धड खारं नाही. जपानमध्ये शिमाने प्रांतात, जपान समुद्राच्या बाजूला, मात्सुए नावाचं एक शहर आहे. त्याचं खाणं, त्याची संध्याकाळ, त्याचे सण, सगळं याच मचूळ पाण्यावर उभं आहे. तिथला उन्हाळा अनुभवायचा असेल तर किल्ल्याच्या आधी, देवळाच्या आधी हे पाणी समजून घ्यावं.

शहराच्या पश्चिमेला शिंजी सरोवर पसरलेलं आहे. क्षेत्रफळ साधारण ७९ चौरस किलोमीटर, पण खोली अगदी बेताची. सरासरी साडेचार मीटर, सगळ्यात खोल जागीही सहा मीटरच्या आसपास. पश्चिमेकडून हिई नदी गोडं पाणी आणून ओतते. पूर्वेला ओहाशी नदी सरोवरातून निघून शहराच्या मधून वाहत नाकाउमी या दुसऱ्या खाऱ्या सरोवराला मिळते आणि तिथून पाणी समुद्राला जातं. सरोवराची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा फारशी उंच नाही, त्यामुळे भरती आली, वारा फिरला की ओहाशी नदी उलटी वाहू लागते. समुद्राचं पाणी नाकाउमीत अर्धं पातळ होतं आणि तिथून जड, खारट थर नदीच्या तळाशी सरपटत शिंजीत शिरतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, शिंजीच्या पाण्यात त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. जिभेला ते जेमतेम कळतं. शिंपल्याला मात्र नेमकं तेवढंच लागतं.

जायचं कधी, याचा हिशेब आपल्या उन्हाळी सुट्टीवर बांधू नये. जपानचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला ऐन पावसाळा. त्यातही जूनच्या मध्यापासून जुलैच्या विशीपर्यंत तिथे 'त्सुयु' असतो, सततच्या रिपरिपीचा पावसाळी काळ. तो संपला की एकदम ऊन तापतं. पारा ३३-३५ अंशांवर आणि हवेत ओल इतकी की ज्याला मुंबई-रत्नागिरीचा मे माहीत आहे त्याला हा घाम ओळखीचा वाटेल. २३-२४ जुलै ते १० ऑगस्ट हे दिवस सगळ्यात भरलेले. १३ ते १६ ऑगस्टला ओबोन, पितरांचे दिवस. आपल्या पितृपक्षासारखे, फक्त तिथे त्या निमित्ताने अख्खा देश घरी परततो. त्या चार दिवसांत गाड्या आणि खोल्या आधीच भरलेल्या असतात. ओकायामाहून 'याकुमो' ही जलद गाडी डोंगर ओलांडून अडीच तासांहून थोड्या जास्त वेळात पोचवते. टोकियोहून रात्रीची 'सनराइज इझुमो' ही झोपायची गाडीही आहे. ती सकाळी मात्सुएला सोडते. तिचे बर्थ महिनाभर आधी खुले होतात आणि उन्हाळ्यात पाहता पाहता संपतात.

पहिला दिवस पहाटे सुरू करावा. सूर्य पाचला वर आलेला असतो आणि सहाच्या सुमाराला शिंजी ओहाशी पुलावरून पश्चिमेला पाहिलं की सरोवरावर लहान लहान होड्या विखुरलेल्या दिसतात. प्रत्येकीत एक, फार तर दोन माणसं. ही शिजिमीची मासेमारी. शिजिमी म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा, काळा, चकचकीत शिंपला. होडीतला माणूस कित्येक मीटर लांब दांडा तिरका पाण्यात सोडतो. दांड्याच्या टोकाला दातेरी लोखंडी पिंजरा असतो, त्याला 'जोरेन' म्हणतात. तो तळाच्या वाळूतून ओढायचा, वर काढायचा, पाण्यात हिसडायचा. वाळू आणि लहान शिंपले फटींतून परत तळाला जातात, मोठे आत राहतात. फटी किती रुंद असाव्यात हे नियमाने ठरलेलं आहे, ते याचसाठी. दिवसाला तीन-चार तासच काम, ठरावीक पेट्यांच्या वर एकही शिंपला नाही आणि आठवड्यात चारच दिवस: सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. हे निर्बंध मच्छीमारांनी आपल्या सहकारी संस्थेतून स्वतःच घालून घेतले आहेत, म्हणूनच ते पाळले जातात.

किनाऱ्यावर आणल्यावर शिंपले चाळण्यांतून आकाराप्रमाणे वेगळे होतात आणि मग हातांनी निवडले जातात. इथे नजरेइतकाच कान लागतो. मूठभर शिंपले फळीवर घासून फिरवले की जिवंत, भरलेला शिंपला दगडासारखा टणक, स्वच्छ वाजतो. मेलेला, आत चिखल भरलेला बद्द वाजतो. असा एक जरी रश्शात गेला तरी सगळं पातेलं काळं आणि घाण होतं. आपल्याकडे खाडीकाठी तिसऱ्या निवडणाऱ्या बायकांना हा आवाज वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

उन्हाळ्यातल्या शिजिमीला 'दोयो शिजिमी' म्हणतात. दोयो म्हणजे पंचांगातले साधारण २० जुलै ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस. पाणी तापलं की शिंपल्याची वीण सुरू होते आणि त्याआधी तो अंगात साठा करतो, म्हणून मांस गुबगुबीत असतं. 'दोयो शिजिमी हे पोटाचं औषध' अशी तिथली जुनी म्हण आहे. उन्हाने भूक मेलेली असताना सकाळी वाटीभर गरम रस्सा प्यायचा, त्यामागे हा अनुभव आहे.

हा रस्सा तिथे एखाद्या सरायीत पिऊन विसरण्यासारखा नाही, शिकून घेण्यासारखा आहे. चौघांसाठी ३०० ग्रॅम शिजिमी, ८०० मिलिलिटर पाणी, ५० ते ६० ग्रॅम मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. बस. वरून वाटलं तर कांद्याची पात. दाशी, म्हणजे सुक्या माशाच्या कीसाचं सार, यात लागत नाही. शिंपला स्वतःच पुरेसं देतो, दाशी घातलं की दोन चवी एकमेकींच्या अंगावर येतात.

खरं काम त्याच्या आधीचं, वाळू काढण्याचं, आणि चुका तिथेच होतात. पहिली चूक म्हणजे नळाच्या नुसत्या पाण्यात भिजवणं. मचूळ पाण्यातला जीव गोड्या पाण्यात टाकला की अंगातला रस पाण्यात सोडत राहतो. वाळू जाते, पण चवही जाते. म्हणून एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ, म्हणजे सरोवराच्या पाण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट खारं. तेवढ्याने शिंपला आपल्या बचावासाठी अंगात चवीची द्रव्यं वाढवतो. मीठ याहून खूप वाढवलं तर तो घट्ट मिटून बसतो. दुसरी चूक, खोल भांडं. परातीत चाळण ठेवावी, तिच्यात शिंपले एकाच थरात पसरावेत आणि पाणी जेमतेम ते बुडतील इतकंच. चाळणीमुळे थुंकलेली वाळू खाली पडते आणि पुन्हा आत ओढली जात नाही. पाणी उथळ असलं की गुदमरणं टळतं. तिसरी चूक फ्रिजची. थंडगार पाण्यात शिंपला तोंडच उघडत नाही. पण उन्हाळ्यात तिशीच्या वर गेलेल्या स्वयंपाकघरातही ठेवू नये, तिथे तो मरतो. घरातला सावलीचा, गार कोपरा पाहायचा, वर कागद किंवा कापड टाकून अंधार करायचा. तीन-चार तास पुरतात. मधे पाणी एकदा बदलावं.

त्यानंतर एक पायरी आहे जी बाहेरचे लोक सोडून देतात. पाणी काढून टाकायचं आणि शिंपले ओल्या फडक्याखाली आणखी तीन तास नुसते ठेवायचे. पाण्याबाहेर, श्वासाला हवा कमी असताना शिंपल्याच्या अंगात सक्सिनिक आम्ल वाढतं. शिंपल्याच्या रश्श्याला जी खोल, जिभेच्या मुळाशी रेंगाळणारी चव असते, ती बरीचशी त्याचीच.

मग शिंपले दोन हातांत घेऊन एकमेकांवर घासून धुवायचे. उघडे पडलेले, बोट लावूनही न मिटणारे टाकून द्यायचे. थंड पाण्यातच घालून मध्यम आचेवर ठेवायचं. वर राखाडी फेस येतो, तो पळीने काढायचा. तोंडं उघडली की अर्ध्या मिनिटात गॅस बंद. पाणी दुधाळ, किंचित निळसर दिसलं की जमलं. मिसो गॅस बंद केल्यावर गाळणीतून विरघळवायचा. त्यानंतर उकळी आणली तर मिसोचा वास उडून जातो आणि शिंपल्याचं मांस चामड्यासारखं होतं. शिजिमी गोठवून ठेवलेली असेल तर मात्र उलट करायचं. ती वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाकायची. हळूहळू तापवली तर पुष्कळ शिंपले तोंड उघडतच नाहीत.

शिंजीच्या खाण्यातली सात रत्नं तिथे शाळकरी पोरं 'सुमो आशी कोशी' या शब्दांतून पाठ करतात. सुमोगिराचे पाय आणि कंबर, असा त्याचा ढोबळ अर्थ. सु म्हणजे सुझुकी मासा, मो म्हणजे मोरोगे कोळंबी, उ म्हणजे उनागी अर्थात ईल, आ म्हणजे आमासागी आणि शि म्हणजे शिराउओ हे लहान मासे, को म्हणजे कोई अर्थात कार्प मासा, आणि शेवटचा शि शिजिमीचा. ऐकताना 'मो'मधला ओ लांबतो, त्यात 'उ' सामावून जातो. सातही एकाच वेळी ताटात मिळत नाहीत. कागदात गुंडाळून भाजलेला सुझुकी हा थंडीचा पदार्थ, तो जुलैत मागू नये. उन्हाळा ईलचा, कोळंबीचा आणि शिजिमीचा. आमासागीविषयी पुढे सांगतो.

सरोवरापलीकडच्या समुद्रातून उन्हाळ्याच्या तोंडाला उडणारे मासे येतात. त्यांना इथे 'आगो' म्हणतात आणि शिमाने प्रांताचा तो मानाचा मासा. त्यापासून 'आगो नोयाकी' करतात. माशाचं मांस मिठाबरोबर चिकट होईपर्यंत वाटायचं, इथली तांबूस, गोडसर स्थानिक साके घालायची, जाड दांड्याभोवती थापून विस्तवावर फिरवत भाजायचं. भाजताना खिळ्यांसारख्या टोकांनी वरून सतत टोचत राहतात. टोचलं नाही तर आतली वाफ सालीखाली फुगे धरते आणि साल फाटते. मनगटाएवढी जाड पोकळ नळी तयार होते. एक सेंटिमीटर जाड चकत्या करून तशाच खायच्या. सॉस लावला की माशाचा धुरकट गोडवा झाकला जातो, म्हणून लावू नये.

दुपार झाली की उन्हात भटकू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. अकरा ते तीन सावलीत काढायचे आणि मात्सुएत सावलीची सगळ्यात चांगली जागा पाण्यावर आहे. मात्सुएचा किल्ला १६११ मध्ये होरिओ योशिहारु यांच्या कारकिर्दीत पुरा झाला. मूळ लाकडी बालेकिल्ला शाबूत असलेले जपानमध्ये अवघे बारा किल्ले, त्यांपैकी हा एक. बांधून झाल्याचं साल सांगणाऱ्या प्रार्थनेच्या लाकडी पाट्या २०१२ मध्ये सापडल्या आणि २०१५ मध्ये किल्ल्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. वर चढायचं तर सकाळी उघडताच चढावं. जिने शिडीसारखे उभे आहेत, पायात फक्त मोजे आणि लाकूड घोटून गुळगुळीत झालेलं. घामाने ओला झालेला मोजा तिथे घसरतो. दुपारी किल्ल्याभोवतीच्या खंदकात नाव घ्यावी. साधारण पावणेचार किलोमीटरची फेरी, पन्नास मिनिटं. जोडे काढून चटईवर बसायचं. वर कापडी छत असतं आणि काही पूल इतके ठेंगणे की नाविक सूचना देतो आणि छत यंत्राने खाली येऊ लागतं. सगळ्यांनी पुढे वाकून कपाळ गुडघ्यांपाशी न्यायचं. पाठीवर सॅक असेल तर ती आधीच उतरवून ठेवावी आणि हात नावेच्या काठावर ठेवू नयेत. पुलाखालचं ते अर्धं मिनिट फार सुंदर असतं. दगडाचा गारवा अंगावर येतो, पाण्याचे कवडसे छताच्या आतल्या बाजूला थरथरतात. उन्हाळ्यात नावांना छोट्या घंटा टांगतात. वारा असेल तेव्हाच त्या वाजतात, आणि जपानी माणूस तो आवाज ऐकून 'गार वाटलं' म्हणतो ते शब्दशः खरं म्हणतो. आवाज आला म्हणजे वारा आला.

खंदकाच्या उत्तरेला सामुराईंच्या घरांची जुनी गल्ली आहे, शिओमी नावाते. तिथेच लाफ्काडिओ हर्न यांचं घर. हा ग्रीक-आयरिश लेखक ३० ऑगस्ट १८९० रोजी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला, इथल्याच कोइझुमी सेत्सु यांच्याशी त्याने लग्न केलं आणि पुढे कोइझुमी याकुमो हे नाव घेऊन जपानी नागरिक झाला. मात्सुएत तो जेमतेम सव्वा वर्ष राहिला. इथला हिवाळा त्याला सोसला नाही. घर लहान आहे, पण तीन बाजूंनी दिसणारी बाग बसून पाहण्याची. उठून फोटो काढत फिरण्याची नाही. मराठी सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक वेगळी खूण: रुबी या संगणकभाषेचे जनक युकिहिरो मात्सुमोतो याच शहरात राहतात आणि नगरपालिका त्या भाषेचा अभिमान किल्ल्याइतकाच मिरवते.

जेवायला सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. इझुमो भागातलं सोबा काळपट असतं, कारण कुट्टूचा दाणा सालासकट दळतात. ते 'वारिगो'त येतं, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन गोल लाखकाम केलेल्या डब्यांत. टोकियोत सोबा रसात बुडवून खातात, इथे रस सोब्यावर ओततात. वरच्या डब्यात कांद्याची पात, सुक्या माशाचा कीस, समुद्रशेवाळाच्या पट्ट्या आणि लाल मिरची घातलेला मुळ्याचा कीस टाकायचा, वर थोडा रस. तो डबा संपला की तळाला उरलेला रस दुसऱ्या डब्यात ओतायचा, मग जरूर तेवढी भर. पहिल्याच डब्यात रस सढळ ओतला की तिसरा डबा खारट होऊन बसतो. नवख्यांचं हमखास हेच होतं. जाणकार म्हणतील की नवा कुट्टू शरदात येतो, उन्हाळ्यात सोब्याचा वास उतरलेला असतो. ते खरं आहे. पण उन्हाळी मुळा अधिक झणझणीत असतो आणि गार सोब्याबरोबर तो डोक्यापर्यंत चढतो. शेवटी सोबा शिजवलेलं गढूळ पाणी वेगळ्या किटलीत देतात. उरलेल्या रसात ते मिसळून प्यायचं.

चहाचं वेड या शहराला सातवे सरदार मात्सुदाइरा फुमाई यांनी लावलं. माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा घुसळलेला चहा, आणि देखणी मिठाई सगळ्यांना माहीत असते. माझ्या मते उन्हाळ्यात शोधून प्यावा तो 'बोतेबोते चहा'. हा गरिबाघरचा प्रकार, उभ्या उभ्या पोट भरण्याचा. चहाच्या वाळवलेल्या फुलांसकट उकळलेला बांचा, म्हणजे साधा जाडाभरडा चहा, खोल वाडग्यात घ्यायचा, लांब बांबूच्या घुसळणीच्या टोकाला किंचित मीठ लावायचं आणि फेस येईपर्यंत घुसळायचं. त्या घुसळण्याच्या आवाजावरूनच नाव पडलं. मग फेसात दोन-तीन घास भात, शिजवलेले काळे घेवडे, मुळ्याचं लोणचं, वाळवलेल्या टोफूचे बारीक तुकडे. चमचा नाही, चॉपस्टिक्स नाहीत. वाडगा गोल फिरवत, बुडाला टिचकी मारत सगळं तोंडात सरकवायचं. पहिल्या दोन वेळा भात वाडग्यातच चिकटून राहतो. भात कमी, चहा गरम आणि फिरवणं सलग, एवढं जमलं की जमतं.

जून सरताना गेला असाल तर गेश्शोजी चुकवू नका. मात्सुदाइरा घराण्याच्या समाध्या असलेलं हे देऊळ त्सुयुच्या पावसात हायड्रेंजियाच्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातं. आत शिलालेख पाठीवर घेतलेलं प्रचंड दगडी कासव आहे. त्याच्या डोक्याला हात लावला की आयुष्य वाढतं म्हणतात.

संध्याकाळी सगळं शहर पश्चिमेकडे तोंड करतं. मात्सुए जपानच्या पश्चिम भागात असल्यामुळे सूर्य टोकियोपेक्षा उशिरा बुडतो. जूनअखेरीस साडेसातच्या जरा आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमाराला. सरोवराकाठचं शिमाने कला संग्रहालय मार्च ते सप्टेंबर या काळात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतं. घड्याळाऐवजी सूर्य पाहून दार लावणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही. हिरवळीवर सशांची बारा शिल्पं ओळीने पळताना दिसतात. सरोवराच्या बाजूने दुसऱ्या सशाला पश्चिमेकडे तोंड करून स्पर्श करावा, अशी लोकांची श्रद्धा. त्याच्या पायाशी शिजिमीच्या टरफलांचा ढीग साठलेला असतो.

समोर पाण्यात योमेगाशिमा, सरोवरातलं एकमेव बेट. लांबी ११० मीटर, वर पाइनची झाडं आणि छोटं देऊळ. 'योमे' म्हणजे सून. सासुरवासाला कंटाळून एक सून हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून माहेरी निघाली, बर्फ फुटला, ती बुडाली. देवाला दया आली आणि तिच्यासकट बेट वर आलं, अशी कथा. जात्यावरच्या ओव्यांत माहेरची वाट आळवणाऱ्या आपल्या बायकांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. बेटाच्या बरोबर मागे सूर्य बुडतानाचं चित्र पोस्टकार्डांवर असतं, पण ऐन उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेपासून उत्तरेकडे जवळजवळ तीस अंश सरकलेला असतो. जागा त्याप्रमाणे बदलावी लागते. त्सुयु संपल्यानंतरच्या दमट हवेत क्षितिज पुष्कळदा धुरकट असतं. वळीव किंवा वादळ होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हवा धुतलेली असते, तो दिवस हातचा घालवू नये. आणि सूर्य बुडाला म्हणून लगेच उठायचं नाही. रंग खरे चढतात ते त्यानंतरच्या वीस मिनिटांत.

सणांचा हंगाम जुलैच्या २४-२५ला शिराकाता तेन्मांगू देवळाच्या उत्सवाने सुरू होतो. विद्येचा देव तेनजिन, त्यामुळे पोरांची गर्दी. तेनजिनमाची रस्त्यावर दुकानं लागतात, बर्फाचे गोळे, भाजलेली माकुळ, याकिसोबा म्हणजे परतलेल्या शेवया. पण मुख्य सण सुइगोसाई, ऑगस्टच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी. सरोवरातल्या तराफ्यांवरून हजारो नळे आणि फुलबाजे आकाशात सोडतात. काळोख पडला, आठच्या सुमाराला सुरुवात. पण जागा दुपारीच धरावी लागते. शिराकाता उद्यान आणि संग्रहालयाजवळचं किशी उद्यान दक्षिण-पूर्वेच्या काठाला, चिदोरी मिनामी उद्यान उत्तरेला गरम झऱ्यांच्या हॉटेलांपाशी. मी दक्षिणेचा काठ निवडेन, कारण आधी सूर्यास्त आणि मग आतषबाजी, दोन्ही बसल्या जागेवरून मिळतात.

अडचण धुराची होते. वारा पडला तर पहिल्या दहा मिनिटांचा धूर जागीच लोंबकळतो आणि पुढची फुलं त्याच्यामागे नुसती लालसर झळाळतात. वारा तुमच्याकडे येत असेल तर राख डोळ्यांत. म्हणून जागा धरण्याआधी वारा पाहावा आणि पाठ वाऱ्याकडे राहील असं बसावं. उजेड दिसल्यावर आवाज यायला दर किलोमीटरला तीन सेकंद लागतात. पाण्यावरून तो आवाज डोंगरांवर आदळून परत येतो, छातीत घुमतो. उथळ, संथ सरोवरात प्रत्येक फूल दुसऱ्यांदा उमलतं. शहरातल्या नदीकाठच्या आतषबाजीत हे मिळत नाही.

युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, नेसणार असाल तर एकच नियम पक्का: डावी कड उजव्यावर. उलटं फक्त मृतांना नेसवतात. गेता या लाकडी खडावांचा पट्टा अंगठ्याजवळ तासाभरात कातडं सोलतो, आधीच पट्टी चिकटवावी. बसायला चटई, पाणी दोन लिटर, डास पळवायचं औषध, आणि आपला कचरा परत न्यायला पिशवी. संपल्यावर अर्धा तास जागचं हलू नये. ओहाशी नदीवरच्या पुलांवर त्या वेळी पाऊल टाकायला जागा नसते.

दर दहा वर्षांनी इथे आणखी मोठा जलोत्सव होतो, 'होरान-एन्या'. दुष्काळातून सुटका व्हावी म्हणून १६४८ मध्ये सुरू झालेला. सुमारे शंभर नावा जोझान इनारी देवळातल्या देवाला ओहाशी नदीतून आदाकाया देवळात नेतात. तो मे महिन्यात असतो. मागचा २०१९ला झाला, पुढचा २०२९ला.

हे सगळं ज्या पाण्यावर चालतं ते पाणी जाणार होतं. १९६०च्या दशकात सरकारने नाकाउमीचा मोठा भाग बुजवून दोन्ही सरोवरं गोडी करण्याचा प्रकल्प हाती घेतला. शेतीला पाणी हवं होतं. समुद्राची वाट अडवायला दारंही बांधली गेली. मच्छीमार आणि गावकरी सह्या गोळा करत विरोधात उभे राहिले. यामातो शिजिमीची, म्हणजे इथल्या याच शिंपल्याची, अंडी आणि पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. १९८८ मध्ये गोडं करण्याचं काम स्थगित झालं, २००२ मध्ये कायमचं रद्द. २००५ मध्ये दोन्ही सरोवरं महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. आमासागीचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. १९९३ मध्ये भातशेतीत निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं आली आणि ज्या सूक्ष्म प्राण्यांवर हा मासा जगतो ते सरोवरातून नाहीसे होत गेले. संशोधक मासुमी यामामुरो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हा संबंध मांडला: वर्षाला २४० टन मिळणारा मासा २२ टनांवर आला. सात रत्नांतलं एक आता बहुधा पाठांतरापुरतं उरलं आहे.

उन्हाळ्यात काळजी वेगळीही असते. पाणी तापलं, वारा थांबला की नाकाउमीकडून सरपटत येणाऱ्या खाऱ्या थरातला प्राणवायू संपतो आणि तळाचे शिंपले गुदमरतात. पाऊस जास्त होऊन खारटपणा घटला की हिरवी शेवाळं माजतात. काठाने चालताना ओल्या मातीसारखा उग्र वास आला, तर तो त्याचाच.

सुइगोसाईच्या रविवारी रात्री उत्तरेच्या काठाला हॉटेल घेतलं असेल तर पहाटे पाचला उठून खिडकी उघडा. काठावरचं शेवटचं सामान माणसं आवरत असतात, पाण्यावर धुराचा वास अजून असतो. सोमवार म्हणजे मासेमारीचा दिवस. सहाच्या सुमाराला पहिली होडी पुलाखालून निघते आणि दांडा तिरका करून जोरेन तळाला टेकवते.